गव्हाच्या पैशातली मराठी पुस्तके

कुलवृत्तांत हा मराठीतला भरघोस ग्रंथप्रकार आहे, पण वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जागा नाही. घराण्यातलेच कोणी निवृत्त मास्तर किंवा वकील वर्षानुवर्षे भाऊबंदांना पत्रे पाठवत. गोत्र, कुलदैवत, कोकणातले मूळ गाव, कोण कधी घाट चढून देशावर आला, कोणाला वतन मिळाले, कोण मामलेदार झाला, कोण इंदूरला गेला आणि कोण बडोद्याला, ही सगळी माहिती ते गोळा करत. मग आप्तांकडून वर्गणी जमवून जाडजूड ग्रंथ छापला जाई. मागे वंशवृक्षाच्या घड्या घातलेल्या पानांची चळत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात असे ग्रंथ पुष्कळ निघाले. घराण्याबाहेरच्या माणसाने ते वाचावेत अशी कोणाची अपेक्षा नव्हती आणि फारसे कोणी वाचलेही नाहीत. पुढच्या पिढीने फ्लॅटमध्ये जाताना ते पोटमाळ्यावरून थेट रद्दीत घातले.

१९६८ साली मिल्टन सिंगर आणि बर्नार्ड कोन या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी भारतीय समाजरचनेवर एक मोठा इंग्रजी लेखसंग्रह संपादित केला. त्यातला एक लेख चित्पावन घराण्यांच्या कुलवृत्तांतांवर होता. महाराष्ट्राची समाजरचना कशी होती आणि ती कशी बदलली हे पाहण्यासाठी हे ग्रंथ साधन म्हणून वापरता येतात, अशी त्याची मांडणी होती. लेखिका होत्या मॉरीन पॅटरसन. त्या शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात होत्या आणि दक्षिण आशियाची पुस्तके निवडणे, मिळवणे, त्यांच्या सूची करणे हे त्यांचे काम होते. त्या संग्रहात ज्यांच्या नावाने अभ्यासक्रम चालत अशी प्राध्यापक मंडळी होती आणि त्यांच्या पंगतीला ही ग्रंथपाल बसली होती. त्यांच्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. मराठी छापील कागदाची किंमत ज्यांनी आपल्याआधी ओळखली त्यांच्यात मी त्यांचे नाव वरचे धरतो.

महाराष्ट्राशी त्यांची गाठ ग्रंथालयामुळे पडलेली नव्हती. १९५२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी एम. ए.साठी प्रबंध लिहिला, त्याचा विषयच महाराष्ट्रातला ब्राह्मण-ब्राह्मणेतर संघर्ष हा होता. त्या विद्यापीठात नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ साली दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग उभा केला होता. तोवर अमेरिकेत भारताचा अभ्यास म्हणजे बहुतेक संस्कृतचा अभ्यास. पॅटरसनबाईंनी वेद-उपनिषदांऐवजी सत्यशोधक समाज, केशवराव जेधे आणि शेतकरी कामगार पक्ष यांच्या महाराष्ट्राकडे पाहिले. १९५२ साली हा विषय इतिहासात जमा झालेला नव्हता. शेतकरी कामगार पक्ष चार-पाच वर्षांचा होता, आणि गांधीहत्येनंतर गावोगाव जळालेल्या वाड्यांच्या भिंती अजून उभ्या होत्या. १९५४ साली त्यांचा महाराष्ट्रातली जात आणि राजकीय नेतृत्व या विषयावरचा लेख मुंबईच्या 'इकॉनॉमिक वीकली'त आला. सचिन चौधरींनी १९४९ साली सुरू केलेले हे साप्ताहिक तेव्हा कोवळेच होते. १९५८ साली त्याच साप्ताहिकात त्यांनी महाराष्ट्रातल्या आंतरजातीय विवाहांवर लिहिले.

हा क्रम नीट पाहावा असे मला वाटते. एलिनॉर झेलियट यांचा आंबेडकर आणि महार चळवळ यांवरचा प्रबंध १९६९चा. गेल ऑम्वेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरचा प्रबंध १९७३चा. ही दोन नावे आज मराठी वाचकाच्या तोंडात आहेत, आणि ते योग्यच आहे. पॅटरसनबाईंनी तोच प्रदेश सतरा आणि एकवीस वर्षे आधी चाचपला होता. मात्र पुढे त्यांनी स्वतःच्या ग्रंथांची रांग लावली नाही. दुसऱ्यांना ग्रंथ लिहिता यावेत म्हणून लागणारी पुस्तके मिळवण्यात त्यांचे आयुष्य गेले.

अमेरिकेत ग्रंथपालाचा पेशा बायकांचा मानला जाई, आणि त्यामागचा इतिहास फारसा गोड नाही. मेल्विल ड्यूईने १८८७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात जगातली पहिली ग्रंथालयशाळा उघडली. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते, त्यांपैकी सतरा स्त्रिया. कॉलेजच्या विश्वस्तांना बायका नको होत्या, म्हणून वर्ग भरले ते अडगळीच्या खोलीत. दोन वर्षांत शाळेला आल्बनीला जावे लागले. पुढे स्त्रिया या पेशात मोठ्या संख्येने आल्या, कारण शिकलेल्या स्त्रीला दुसरी दारे बंद होती आणि तिला पगार कमी दिला तरी चाले. पुस्तके देणेघेणे, कार्डे लिहिणे, शांतता राखणे ही कामे त्यांच्याकडे आली. कोणते पुस्तक विद्यापीठाने घ्यायचे हे मात्र बहुधा प्राध्यापक ठरवत.

आपल्याकडे याच सुमारास वेगळी हालचाल चालू होती. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बडोद्याला आणले आणि गावोगाव वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. बडोद्याहून निघणाऱ्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही असे. मद्रासला रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे लिहिली. अमेरिकेतून आलेले शास्त्र इथे रुजत होते. पुस्तकांचा प्रवास मात्र उलट्या दिशेने अजून सुरू व्हायचा होता.

शिकागो विद्यापीठाच्या कॉलेजात १९५६ साली भारतीय संस्कृतीचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू झाला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी, ज्यांनी भारत नकाशातच पाहिला होता. त्यांच्या हाती काय द्यायचे? १९६२ साली पॅटरसनबाईंनी रोनाल्ड इंडन यांच्याबरोबर या अभ्यासक्रमासाठी दक्षिण आशियाची प्रवेशिका म्हणावी अशी एक ग्रंथसूची तयार केली. इंडन पुढे भारतविद्येतले वादळी नाव झाले. ग्रंथसूची करायला बसले की एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच कळते, आपल्याकडे काय नाही ती. इंग्रजांनी लिहिलेली पुस्तके मिळत होती, संस्कृतच्या जर्मन आवृत्त्या मिळत होत्या. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात त्या वर्षी छापलेले पुस्तक शिकागोत पोचायला काही मार्गच नव्हता. मराठी प्रकाशकाची हजार प्रतींची आवृत्ती. ती पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात विकली जाई आणि संपली की संपली. परदेशातून पत्र पाठवून, डॉलर बदलून, बोटीने पुस्तक मागवायचे तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त व्हायचा.

यातून वाट निघाली ती गव्हातून.

१० जुलै १९५४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. अमेरिकेच्या कोठारांत धान्य मावत नव्हते. ते गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकायचे, असा तो कायदा. पब्लिक लॉ ४८०, म्हणजे आपल्या बोलण्यातला पीएल ४८०. भारताशी पहिला करार १९५६ साली झाला. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये सर्वांत मोठा करार झाला. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ. भारताच्या बाजूने सही केली ती अन्न आणि शेतीमंत्री स. का. पाटील यांनी, मुंबई काँग्रेसवर हुकमत गाजवणाऱ्या आपल्या कोकणच्या माणसाने. धान्याचे पैसे भारताने रुपयांत द्यायचे आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर पडून राहायचे. डॉलर करून ते बाहेर नेता येत नव्हते. त्यातले बरेचसे पुन्हा भारतालाच कर्ज म्हणून दिले गेले, काही अमेरिकी वकिलातीच्या खर्चाला लागले. उरलेल्यांचे करायचे काय हा प्रश्न अमेरिकेला पडला.

१९५८ साली मिशिगनचे प्रतिनिधी जॉन डिंगेल यांनी कायद्यात एक दुरुस्ती घालून घेतली. या अडकलेल्या पैशांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या त्या देशातली पुस्तके विकत घ्यावीत आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांना वाटावीत. कल्पना अगदीच नवी नव्हती. १९५१ साली भारताने अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज घेतले होते, त्याच्या व्याजातून अमेरिकी पुस्तके भारतीय विद्यापीठांना आणि भारतीय प्रकाशने अमेरिकेला गेली होती. पण या वेळचा आवाका फार मोठा होता. १९६२ च्या आरंभी दिल्लीत कचेरी उघडली. भाषावार पुस्तकविक्रेते नेमले गेले. मराठीत जे काही दखलपात्र छापून येईल, कादंबरी, कवितासंग्रह, संतवाङ्मयाची आवृत्ती, जिल्ह्याचा इतिहास, नियतकालिक, ते एका प्रतीऐवजी जितकी विद्यापीठे सामील तितक्या प्रतींनी विकत घेतले जाई. दिल्लीत नावे रोमन लिपीत उतरवली जात. 'ळ'साठी एल अक्षराखाली टिंब, दीर्घ स्वरावर आडवी रेघ. एकदा झालेली नोंद सगळ्या ग्रंथालयांच्या कामी येई. भारतातून काय घेतले त्याची छापील यादी त्याच वर्षापासून नियमित निघू लागली. त्या जुन्या याद्या चाळताना त्या काळचे मराठी प्रकाशनविश्व महिन्या-महिन्याने डोळ्यांपुढे येते.

१९६२ हेच आपल्या पिंपरी-चिंचवडच्या आयुष्यातलेही मोठे वर्ष. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ पासून होता. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काही वर्षांत चिंचवड-भोसरीच्या ज्वारीच्या रानांत खांब रोवले गेले. इथे जमिनीचे सात-बारे बदलत होते आणि त्याच काळात अप्पा बळवंत चौकातली मराठी पुस्तके खोक्यांत भरून शिकागो, बर्कली, पेनसिल्व्हेनियाला निघाली होती.

पॅटरसनबाईंनी पुस्तकांच्या या योजनेचा फायदा सर्वांत हुशारीने करून घेतला असे मला वाटते. पुस्तके आपोआप येऊ लागली म्हणजे ग्रंथालय तयार झाले असे होत नाही. वर्षाला हजारोंनी पुस्तके येत होती, चौदा-पंधरा भाषांत, आणि त्यांची कपाटे लावणारे लोक त्या भाषा जाणत नव्हते. काय ठेवायचे, काय बांधून घ्यायचे, कोणत्या विषयाखाली घालायचे, कोणत्या प्राध्यापकाला आणि विद्यार्थ्याला काय दाखवायचे हे ठरवायला विषय जाणणारा माणूस लागतो. त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांचा काळ अभ्यासलेला होता, म्हणून 'देशाचे दुश्मन'सारखी पुस्तिका हाती आल्यावर तिचे काय करायचे ते त्यांना कळत होते. अमेरिकी विद्यापीठांत विषयतज्ज्ञ ग्रंथसूचिकार नावाचे जे पद याच काळात ठसले, ते दक्षिण आशियापुरते ठसवण्यात त्यांचा हात मोठा आहे. पुस्तके कोणती घ्यायची हे ठरवण्याचा प्राध्यापकांचा हक्क या निमित्ताने एका बाईच्या टेबलावर आला. १९६९ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये त्यांनी या योजनेच्या पहिल्या सहा वर्षांचा, १९६२ ते १९६८चा, हिशेब मांडला. तो लेख आजही त्या विषयावरचा आधार मानला जातो.

या साऱ्यात आपली बाजूही पाहायला हवी. पीएल ४८० आला त्याच १९५४ साली आपल्याकडे ग्रंथ-प्रदान कायदा झाला. प्रत्येक प्रकाशकाने आपल्या खर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवायची. मुंबईत एशियाटिकच्या इमारतीतले मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. कायदा चांगला होता, पाळला गेला तो अर्धामुर्धा. छोट्या गावच्या प्रकाशकाला फुकट प्रत आणि वर टपालखर्च परवडत नसे, आणि न पाठवल्याबद्दल कोणी विचारत नसे. अमेरिकेचा माणूस मात्र रोख पैसे मोजून प्रती घेऊन जाई. त्याचा परिणाम असा झाला की साठ-सत्तरच्या दशकांतली काही मराठी पुस्तके शोधायची तर आज आपल्या तालुक्यापेक्षा परदेशी विद्यापीठांत ती मिळण्याची शक्यता जास्त. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली आला. त्याने गावोगाव वाचनालये उभी राहिली, वाचक वाढले, ते मोलाचे काम झाले. जुने जपण्याची जबाबदारी मात्र त्या वाचनालयांना पेलणारी नव्हती. त्यांच्याकडे वाळवीशी लढायलासुद्धा पैसे नसत.

आणि पुण्यात शंकर गणेश दाते होते. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी एकहाती केली आणि ती १९४०च्या दशकात छापून काढली. १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ साली आला. सरकारी कचेरी नाही, धान्याचे रुपये नाहीत, मदतनीसांची फौज नाही. ग्रंथालयामागून ग्रंथालय धुंडाळत, एकेक पुस्तक हाताळत हा माणूस नोंदी करत राहिला. १९६१ साली दात्यांचा दुसरा भाग निघाला आणि १९६२ साली दिल्लीची कचेरी उघडली. आपल्या वैयक्तिक निष्ठेचे युग तिथे संपले आणि दुसऱ्यांच्या संस्थात्मक पैशाचे सुरू झाले. आपण त्या दोन्हींच्या मधली गोष्ट, म्हणजे आपलीच संस्था, आपलाच पैसा, आपलीच चिकाटी, वेळेवर उभी केली नाही याचे मला वाईट वाटते.

धान्याच्या त्या मदतीविषयी मराठी माणसाच्या मनात गोडवा नाही, आणि तो नसण्याला कारणे आहेत. १९६५-६६ च्या दुष्काळात बोट बंदराला लागली तरच रेशनच्या दुकानात गहू, अशी वेळ आली होती. लाल गव्हाच्या चिवट पोळ्या आणि मिलो ज्वारीच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या ते आजही तो काळ विसरलेले नाहीत. अध्यक्ष जॉन्सन साहेब बोटी सोडताना भारताने व्हिएतनामवर काय बोलावे याचाही हिशेब धरत, हे तेव्हा सगळ्यांना समजत होते. गाजरगवत पुण्याच्या आसपास प्रथम डोळ्यांत भरले ते १९५०च्या दशकात. लोकांनी त्याचे खापर अमेरिकेच्या गव्हावर फोडले आणि त्याला काँग्रेस गवत म्हटले. आज भोसरीपासून चाकणपर्यंत रिकाम्या प्लॉटवर ते कमरेएवढे उभे असते. पुढे १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी साचलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारला परत केला. इतक्या रकमेचा धनादेश जगात तोवर कोणी लिहिला नव्हता. पुस्तकांची योजना मात्र थांबली नाही. वेगळ्या नावाने, वेगळ्या पैशाने ती पुढे चालत राहिली.

गहू आला तो राजकारणाच्या पोत्यांतून, हे पॅटरसनबाईंना ठाऊक नसेल असे नाही. पण त्या राजकारणातून जे निघाले ते त्यांनी फुकट जाऊ दिले नाही. पुस्तकांच्या पुढे वर्तमानपत्रे आणि जुनी नियतकालिके होती. ती विकत घेता येत नव्हती, आणि मूळ कागद तर पिवळा पडून तुटत चालला होता. त्यासाठी १९६७ साली दक्षिण आशियाचा सूक्ष्मपट प्रकल्प सुरू झाला, शिकागोतल्याच सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजच्या छताखाली. एका विद्यापीठाला न परवडणारे काम अनेकांनी मिळून करायचे, फिल्म एकदाच काढायची आणि सगळ्यांनी वापरायची. तो उभारणाऱ्यांत त्या होत्या. १९७० साली शिकागो विद्यापीठाचे नवे रेगनस्टाइन ग्रंथालय उघडले आणि दक्षिण आशियाच्या पुस्तकांना हक्काची जागा मिळाली. त्या कपाटांत पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती होती. तिच्याच आधारे शिकागोचे प्राध्यापक व्हॅन बाउटेनेन यांनी महाभारताचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले आणि त्याचा पहिला खंड १९७३ साली आला.

१९७५ साली पॅटरसनबाईंनी उत्तर अमेरिकेतल्या दक्षिण आशियाविषयक ग्रंथसंग्रहांवर एक ग्रंथ संपादित केला. ते मुख्यतः व्यावसायिकांसाठीचे काम. त्यांचे खरे मोठे काम १९८१ साली शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केले, विल्यम अल्स्पॉ यांच्या सहकार्याने केलेली दक्षिण आशियाई संस्कृतींची सूची. २८ हजारांहून अधिक नोंदी. मुख्यतः इंग्रजी आणि इतर पाश्चात्त्य भाषांतली पुस्तके आणि लेख. लेखकांच्या नावांची अकारविल्हे यादी केली असती तर काम निम्म्या वेळात झाले असते. त्यांनी नोंदी काळ, प्रदेश आणि विषय यांच्या उतरंडीत बसवल्या. म्हणजे महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात काय घडले हे शोधणाऱ्याला त्या काळात जायचे, त्यातल्या प्रदेशात शिरायचे, मग धर्म, शेती, राजकारण जे हवे ते उघडायचे. अशी मांडणी करायची तर प्रत्येक नोंदीमागचे पुस्तक कशाविषयी आहे हे माहीत असावे लागते. शीर्षक पाहून भागत नाही. संगणक आज शब्द जुळवून देतो. त्या सूचीत मात्र बाईंनी वाचून ठरवलेली जागा आहे, आणि ती चुकली तर जबाबदार त्या. संशोधनाच्या जगात सूचिकाराचे नाव तळटीपेतसुद्धा येत नाही, कारण सूची वापरून झाली की ती बाजूला ठेवली जाते. १९८०च्या दशकात महाराष्ट्रावर परदेशात झालेल्या कामांपैकी किती कामांची सुरुवात या ग्रंथाची पाने उलटून झाली असेल, याची मोजदाद होणे नाही.

१९८८ साली टोरांटोहून महाराष्ट्रातले शहर, खेडे आणि समाज या विषयावरचा एक लेखसंग्रह निघाला. संपादक डोनाल्ड अ‍ॅटवुड, मिल्टन इस्रायल आणि नरेंद्र वागळे. त्यात पॅटरसनबाई पुन्हा आपल्या मूळ विषयाकडे आल्या. चित्पावनांच्या बदलत्या नशिबाचा तो लेख १९४८ या वर्षावर रोखलेला होता. गांधीजींचा खून करणारा चित्पावन होता, आणि त्या खुनानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने जाळले गेले. हा विषय आपल्याकडे घराघरांत कुजबुजीने सांगितला गेला, कोणी अभिमानाने, कोणी हुंदका गिळून. लेखणीने त्याला हात घालायला फारसे कोणी तयार नव्हते. बाईंचा निष्कर्ष असा की सर्वांत तीव्र हिंसा मुंबई-पुणे-नागपूरला झाली नाही. ती झाली सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव या भागांत. ब्राह्मणेतर चळवळ जिथे खोलवर गेली होती तोच बहुतांश हा मुलूख. १९५२ साली विद्यार्थिनी म्हणून ज्या संघर्षाचा त्यांनी प्राथमिक अभ्यास केला होता, त्याच्या सर्वांत कडू प्रकरणाकडे त्या छत्तीस वर्षांनी आल्या. या लेखाशी सगळ्यांचे पटेल असे नाही. पण विषय टाळून इतिहास लिहिता येत नाही, आणि तो टाळला नाही एका ग्रंथपालाने.

कुलवृत्तांतांच्या मर्यादाही त्यांच्यासारख्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटण्याजोग्या नाहीत. ज्या जातीत छापायची सवय आणि वर्गणीचे पैसे होते त्यांचेच वृत्तांत निघाले. घरातली मुलगी लग्न होऊन गेली की वंशवृक्षातून नाहीशी होई, आणि आलेली सून कोणाची मुलगी एवढ्यावर उरे. साधन आहे ते असे आहे. पण जे छापले गेले तेही जपले नाही तर पुढच्याला शंका काढायलाही काही उरत नाही.

चिंचवडकरांना हे पटायला जवळचा दाखला आहे. मोरया गोसावींच्या देव घराण्यावर इंग्रजीत झालेला सर्वांत बारकाईचा अभ्यास लॉरेन्स प्रेस्टन यांचा, केंब्रिजने १९८९ साली प्रसिद्ध केलेला. एक देवस्थान, त्याच्या इनाम जमिनी आणि मोगल, मराठे, इंग्रज अशा एकामागून एक आलेल्या सत्ता यांचे नाते त्यात उलगडले आहे. ते शक्य झाले कारण सनदा, निवाडे, हिशेब यांचे कागद टिकले. देवांच्या गावाला त्यानंतर लागलेल्या कारखान्यांचे काय? पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली १९७० साली, महानगरपालिका १९८२ साली. कंपन्यांची गृहनियतकालिके, कामगारांनी काढलेले दिवाळी अंक, गेटवर वाटलेली पत्रके, युनियनच्या निवडणुकांचे जाहीरनामे, कराराच्या छापील प्रती, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी दिलेली निवेदने, ही या पट्ट्याची साधने. १९८९ च्या टेल्कोच्या संपात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसलेल्या कामगारांनी वाटलेले कागद आज कोणाच्या ट्रंकेत आहेत? असे कागद पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात येत नसत, म्हणून दिल्लीची कचेरीही ते घेऊ शकली नसती. ते गोळा करायला इथल्याच एखाद्या कॉलेजच्या ग्रंथपालाला वेळ आणि मुभा लागते, आणि आपल्या कॉलेजांत ग्रंथपालाचा दिवस पाठ्यपुस्तकांच्या देवघेवीत आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फायलींत संपतो. पॅटरसनबाईंकडे असलेली सर्वांत मोठी गोष्ट रुपये ही नव्हती. काय जपायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता.

१९८४ साली शिकागोत दक्षिण आशियाच्या संग्रहाची सूत्रे जेम्स नाय यांच्याकडे आली. पुढच्या पंधरा वर्षांत कार्डांच्या पेट्या गेल्या आणि संगणक आले. शतक संपता संपता त्याच ग्रंथालयातून दक्षिण आशियाई भाषांचे जुने शब्दकोश संगणकावर चढवण्याचे काम सुरू झाले. मराठीचे पाच कोश त्यात आहेत. मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, वझ्यांचा शालेय कोश, फलटणला आयुष्य घालवलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा कोश, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश. लेखक, अनुवादक, मराठीचे शिक्षक, ज्ञानेश्वरी वाचताना अडलेले वारकरी, सगळे रोज हे कोश मोबाईलवर उघडतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत.